साहेबाला सोडून येणं

शुक्रवारी दुपारी सगळे कारखान्यातच जमले, कारण वर घरात एवढ्या माणसांना बसायला जागा नव्हती. सोफे करणाऱ्याच्या घरात बसायला जागा नसते, हा नानांच्या बायकोचा जुना टोमणा. ती जाऊन बरीच वर्षं झाली, पण टोमणा तिच्याच मालकीचा राहिला. तो मारायची हिंमत नंतर कुणी केली नाही.

कारखाना म्हणजे घराखालचा लांबट गाळा. एका भिंतीला फोमच्या लाद्या, दुसरीला रेक्झिनच्या गुंडाळ्या, मध्ये कापड कापायचं भलंमोठं टेबल आणि जिथे तिथे अर्धवट खुर्च्या. नानांची थोरली बहीण अक्का कापड न चढवलेल्या आरामखुर्चीत बसली होती. खालची स्प्रिंग टोचत होती, म्हणून ती सारखी इकडची तिकडे होत होती, पण उठून दुसरीकडे बसायला तयार नव्हती. धाकटा भाऊ बस चालवायचा. ड्यूटीवरून तसाच आला होता आणि दाराशी उभा होता. "दिवसभर बसूनच असतो की," तो म्हणाला. नानांची मुलगी बारकी टेबलावर चढून बसली होती. ती तरण तलावावर पोहायला शिकवायची. तिच्या केसांना कायम त्या पाण्यातल्या औषधाचा वास यायचा, आणि लग्नाचं वय होऊन गेलं तरी घरात तिचं बारकीपण काही संपलं नव्हतं.

आणि साहेब. नानांचा थोरला मुलगा. वय चौतीस, अंगाने बापापेक्षा रुंद. डोकं मात्र पाच-सहा वर्षांच्या मुलाचं, असं लहानपणीच डॉक्टरांनी सांगून टाकलेलं. नानांना ते कधी पटलं नाही. पाच वर्षांच्या पोराला रुसण्याचा एवढा दांडगा अनुभव कुठून असणार? कारखान्यात तयार झालेल्या प्रत्येक सोफ्यावर तो आधी बसायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा, पास किंवा नापास. नापास झालेला सोफा नाना खरोखर उसवायचे. कारागीर तेव्हापासून त्याला साहेब म्हणायला लागले, आणि मग सगळेच म्हणायला लागले. कारागीर एकेक करून गेले. लोक तयार सोफे घ्यायला लागले. साहेब तेवढा राहिला.

आत्ता तो कोपऱ्यात बसून डब्यातले खिळे लहान-मोठे वेगळे करत होता.

"त्याला वर पाठव आधी," अक्का म्हणाली.

"राहू दे," नाना म्हणाले. "त्याच्याबद्दलच बोलायचंय."

नानांचे डोळे पिवळे झाले होते. गळ्याची हाडं वर आली होती आणि शर्ट अंगावर दुसऱ्याचा घातल्यासारखा दिसत होता. पोटातली गाठ यकृतापर्यंत गेली होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आकडा सांगितला नाही, फक्त पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "जे करायचं असेल ते लवकर करा." नानांना ते पेन खाली ठेवणंच जास्त लागलं. लिहायचं काही उरलं नव्हतं.

"बोलायचं काय त्यात?" अक्का म्हणाली. "साहेब माझ्याकडे येईल. मी काय मेले नाही अजून." आणि तिने जीभ चावली.

"अक्का, तू कुठे राहतेस?" धाकटा म्हणाला. "मुलाकडे. खोलीत एक खाट, आणि त्याच खोलीत नातवाचा अभ्यास. सुनेला विचारलंस?"

"सुनेला काय विचारायचं?"

"म्हणजे विचारलंस. आणि ती नाही म्हणाली."

अक्काने बसल्या जागी कूस बदलली. स्प्रिंग तेवढी करकरली.

"मी सरळ सांगतो," धाकटा म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नका. अशा मुलांसाठी चांगल्या जागा असतात. जेवणखाण, औषधपाणी, सगळं बघतात."

"मुलांसाठी!" अक्काने तोंड फिरवलं. "बसमध्ये चढवून द्यावं तसं बोलतोयस. शेवटच्या थांब्याला उतरवा आणि मोकळे व्हा."

"मग तू सांग ना दुसरं काही!"

"काका, आत्या, भांडू नका," बारकी म्हणाली. इतका वेळ ती नखाने टेबलावरचा वाळलेला गोंद खरवडत होती. "मी आहे ना. मी राहणार त्याच्याबरोबर. त्या नव्या तलावाच्या लोकांना मी नाही म्हणून कळवलंय."

नानांना हे माहीत नव्हतं. दुसऱ्या शहरातली ती नोकरी, स्पर्धेची पोरं तयार करायची. ती मिळावी म्हणून बारकीने किती वर्षं पहाटे उठून गार पाण्यात उड्या मारल्या होत्या ते त्यांना माहीत होतं.

"कुणाला विचारून कळवलंस?"

"विचारायचं काय बाबा? भाऊ आहे माझा."

"कळव त्यांना, येते म्हणून."

"नाही."

"बारके, आत्ता फोन लाव."

"ती शहाण्यासारखं बोलतेय तर तू का अंगावर जातोस?" अक्का म्हणाली. आणि नानांनी पाहिलं, धाकट्याचाही चेहरा सैल पडला होता. त्याला संस्थेचं नाव काढून वाईट व्हावं लागलं होतं. आता वाईट न होताही प्रश्न सुटत होता. क्षणात दोघं एका बाजूला आले, आणि मधे बारकी, खाली मान घालून, हो म्हणून बसलेली. आपली आईही अशीच घरच्या सगळ्यांचं करता करता संपली होती, हे नानांना आठवलं. तेव्हाही सगळ्यांचे चेहरे असेच सैल पडले होते.

"मी जागा बघून आलोय," नाना म्हणाले. "शहराबाहेर, टेकडीच्या पायथ्याला. दोनदा जाऊन आलो. येत्या सोमवारी साहेबाला तिथे नेऊन सोडणार आहे. हा गाळा भाड्याने जातोय, त्यात त्याचं भागेल."

कोपऱ्यात खिळ्यांचा आवाज चालूच होता.

"या सोमवारी?" धाकट्याचा आवाज बदलला. "अरे नाना, मी म्हणत होतो ते... म्हणजे नंतर."

"नंतर म्हणजे कधी? बोल ना."

"तुला कळतंय मला काय म्हणायचंय."

"कळतंय म्हणूनच म्हणतोय. मी असताना."

"बाबा, वेड लागलंय का तुम्हाला?" बारकी टेबलावरून खाली उतरली. "तुमचे हे दिवस आहेत, आणि यातच त्याला लांब करायचं? तुम्ही त्याच्याशिवाय एक दिवस राहिलाय का कधी? रात्री त्याचं घोरणं थांबलं तर तुम्हाला जाग येते!"

"येते."

"मग?"

नानांना उभं राहायचं होतं, पण जमेना. बसूनच बोलले. "बारके, मी मेल्यावर तुम्ही याला कुठेही ठेवलंत, अगदी राजवाड्यात ठेवलंत तरी, त्याला एकच कळणार. बाप गेला आणि मला बाहेर काढलं. मी असताना गेला, मी भेटायला येत-जात राहिलो, तर त्याला कळेल की जागा बदलली तरी माणसं तुटत नाहीत. त्याला कळायला वेळ लागतो. तो वेळ माझ्याकडे आत्ता आहे. थोडा आहे, पण आहे."

"आणि तो तिथे रडून रडून आजारी पडला तर?" धाकटा म्हणाला.

"रडेल. पण तेव्हा मला हाक मारता येईल. नंतर कुणाला मारणार?"

अक्का पदराने नाक पुसत होती. "पण त्याला काही सांगू नका हो," ती म्हणाली. "त्याला म्हणावं, थोडे दिवस फिरायला चाललोय. उगाच त्याच्या जिवाला..."

"बाबा मरणार?"

सगळ्यांनी वळून बघितलं. साहेबाने खिळ्यांचा डबा बाजूला ठेवला होता. दोन्ही हात मांडीवर होते, निकाल देताना ठेवायचा तसे.

"काहीतरीच काय बोलतोस रे राजा," अक्का लगबगीने उठली. "बाबाला बरं नाही जरा, औषध चालू आहे..."

"अक्का, खाली बस," नाना म्हणाले. मग मुलाकडे बघून म्हणाले, "हो. मी मरणार आहे."

"कधी?"

"लवकर. नक्की कुणालाच माहीत नाही."

साहेबाने विचार केला. त्याचा विचार चेहऱ्यावर दिसायचा, कपाळापासून खाली उतरत यायचा. "आईसारखा?"

"हो. आईसारखा."

"आई गावाला गेलीय," साहेब म्हणाला.

ते गाव अक्काने काढलं होतं, बायको गेली त्या सकाळी. दारात माणसं जमलेली, नानांच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि अक्काने साहेबाला कुशीत घेऊन म्हटलं होतं, आई गावाला गेलीय. चांगल्या मनाने म्हटलं होतं. पुढे वर्षभर साहेब रोज संध्याकाळी दाराशी खुर्ची ओढून बसला. जिन्यात कुणाचंही पाऊल वाजलं की उठायचा. मग एक दिवस त्याने खुर्ची आपणहून जागेवर ठेवली आणि त्यानंतर आईचं नाव काढलं नाही. नानांना वाटलं होतं, विसरला. आत्ता कळलं की तो विसरला नव्हता. आई आपल्याला टाकून गेली, असं मनाशी ठरवून तो गप्प बसला होता.

"नाही रे," नाना म्हणाले. "आई मेली. त्याच दिवशी मेली. तिला तुझ्याकडे यायचं होतं. येता येत नव्हतं."

साहेब अक्काकडे वळला. कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"आत्या खोटं बोलली."

"हो रे बाळा," अक्का म्हणाली, आणि मोठ्याने रडायला लागली. धाकट्याने दाराकडे तोंड केलं. बारकी भावाजवळ जाऊन जमिनीवर बसली, पण त्याने तिचा हात बाजूला केला आणि उठला. जिना चढून वर गेला. दार लागल्याचा आवाज आला.

बऱ्याच वेळाने अक्का डोळे कोरडे करत म्हणाली, "सोमवारी मी येते गाडीतून. त्याचे कपडे मी भरते. त्याला कुठला शर्ट टोचतो ते तुम्हाला कुणाला ठाऊक आहे?"

"अक्का, तूसुद्धा?" धाकटा म्हणाला.

"मीसुद्धा," अक्का म्हणाली.

सोमवारी धाकटा आला नाही. ड्यूटी बदलून मिळाली नाही, असा निरोप पाठवला. बारकीने गाडी चालवली. तिचा राग गिअरवर निघत होता. साहेब मागे अक्काशेजारी बसला होता, मांडीवर बॅग. तीन दिवसांचा अबोला संपवून त्याने सकाळीच आत्याकडून वेणीफणी केल्यासारखा भांग पाडून घेतला होता. म्हणजे माफी झाली होती.

"तू येणार?" त्याने पुढे वाकून विचारलं. तो बापाला तूच म्हणायचा. तुम्ही म्हणायचं त्याला कुणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं तरी त्याला पटलं नव्हतं.

"येणार. चालता येतंय तोवर येणार."

"आणि चालता नाही आलं की?"

"मग बारकी येईल. काका येईल. मी नाही आलो तर समजायचं, मला येता येत नाहीये. यायचं नाही असं नाही. कळलं?"

"आईसारखं," साहेब म्हणाला.

ती जागा म्हणजे जुनं कौलारू घर, पुढे मोठं अंगण, बाजूला धुलाईची खोली. तिथली माणसं आजूबाजूच्या दवाखान्यांचे कपडे धुऊन द्यायची. तिथल्या मुख्य बाई गोऱ्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या, बोलायला रोखठोक. म्हणाल्या, "सुरुवातीला काही दिवस भेटायला येऊ नका. कठीण जातं, पण येऊ नका. मी बोलवेन."

निघताना साहेब रडला नाही. त्याने बापाच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणाला, "जा आता." नाना फाटकापर्यंत ताठ चालत गेले. गाडीत बसल्यावर मात्र त्यांना दार ओढून घेता येईना. बारकी उतरून आली, तिने दार लावलं आणि दाराला डोकं टेकून तशीच उभी राहिली. त्या क्षणी तिचा राग गेला.

पुढचे दिवस नानांना आजारापेक्षा जड गेले. घरात कुणी पाय आपटत नव्हतं, कुणी नळ उघडा टाकत नव्हतं. दुखायला लागलं की ते आधी साहेब उठेल म्हणून दात आवळायचे. मग आठवायचं की आता ओरडलं तरी चालेल, आणि तेव्हा त्यांना ओरडावंसं वाटायचं नाही. एकदा ते गाळ्यात उतरले आणि उगाच एक जुनी खुर्ची उसवून बसले. परत शिवायला बोटांत जोर नव्हता.

अशातच एका सकाळी धाकटा धापा टाकत जिना चढून आला. गणवेशाची बटणं उघडी, डोळे लाल.

"मी जाऊन आलो," तो म्हणाला. "बाईंना न विचारता. कुंपणाबाहेरून बघितलं. नाना, तो अंगणात उकिडवा बसून रडतोय. सगळे आत गेले तरी हा तिथेच. मला बघवलं नाही. चल, आत्ताच्या आत्ता घेऊन येऊ. मी ठेवतो माझ्याकडे. बायकोचं मी बघतो. मी नाव काढलं होतं ना त्या जागेचं? मीच आणतो."

नाना उठायला लागले. चपला शोधायला लागले. त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं, पण पाय आपोआप चपलांकडे गेले. इतके दिवस ते कुणीतरी असं येऊन म्हणावं म्हणून वाट बघत होते.

साहेबाला सोडल्यापासून इथेच राहिलेली अक्का स्वयंपाकघरातून आली आणि दारात उभी राहिली.

"कुठे?"

"अक्का, बाजूला हो," धाकटा म्हणाला.

"होणार नाही. आज आणाल. आणि नंतर? परत नेऊन सोडाल? तेव्हा तो कुणासाठी रडेल, आणि कोण जाईल त्याला आणायला?" तिने दोन्ही हात चौकटीला लावले. म्हातारे, सुजलेल्या सांध्यांचे हात. "मी एकदा त्याचं रडणं चुकवलंय. गाव सांगून. त्याने ते आत दाबून ठेवलं, इतकी वर्षं. रडू द्या त्याला. नाना, तू बस. तूच म्हणाला होतास."

"म्हणालो होतो गं," नाना म्हणाले. आणि एक चप्पल पायात, एक हातात, असे पलंगाच्या कडेला बसून लहान मुलासारखे रडले. धाकटा त्यांच्या शेजारी बसला. दोघं भाऊ इतके जवळ कितीतरी वर्षांत बसले नव्हते. बारकी फोनवर त्या बाईंशी बोलून आली. रडतो, असं बाई म्हणाल्या. पण काल जेवला. आणि कालपासून धुलाईच्या खोलीत जायला लागलाय.

नंतर बाईंनी बोलावलं तेव्हा नानांना जिना उतरवायला दोघं लागले. धाकट्याने खालच्या बाजूने धरलं, बारकीने वरून. नव्या तलावाच्या लोकांनी तिला पुढच्या मोसमापर्यंत थांबतो म्हणून कळवलं होतं. नानांनीच तिच्याकडून फोन करवला होता, समोर बसून. गाडीत ते काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. रागावलास का, असं विचारायचं नाही. करमतं का, असंही नाही. आधी हात धरायचा. मग सांगायचं की चालणं आता होत नाही, म्हणून पुढच्या वेळी कदाचित... तिथपर्यंत आलं की वाक्य तुटायचं आणि ते पुन्हा पहिल्यापासून जुळवायचे.

बाईंनी त्यांना धुलाईच्या खोलीच्या दारात खुर्ची दिली. आत वाफ होती, गरम कपड्यांचा वास होता. साहेब उभा होता. हातात पांढऱ्या चादरीची दोन टोकं. समोरची दोन टोकं पांढऱ्या केसांच्या एका ठेंगण्या बाईच्या हातात. दोघं चादर ताणायची, झटकायची, एकमेकांकडे चालत यायची, टोकाला टोक मिळवायची. ती खाली वाकून घडी उचलायची आणि दोघं पुन्हा मागे सरकायची. बाजूला ढीग होता.

"साहेब," नाना म्हणाले. आवाज फार बारीक निघाला.

त्याने वळून बघितलं. चेहरा उजळला, अगदी पूर्वीसारखा. एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबला. चादर मधे ताणलेली होती.

"बाबा, थांब जरा," तो म्हणाला. "मी सोडली तर मावशीच्या अंगावर येईल सगळी."

"सावकाश होऊ दे," नाना म्हणाले.

चादरीची घडी झाली. ठेंगणीने दुसरी उचलली, आणि साहेबाने आपली टोकं धरली. मग तिसरी. मधून मधून तो दाराकडे बघायचा, बाप आहे ना याची खात्री करायचा आणि पुन्हा चादरीकडे वळायचा. नंतर तेही बघणं कमी झालं. ठेंगणी काहीतरी पुटपुटली आणि साहेब हसला. तो कशावर हसला ते नानांना कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना त्याचं हसणं कळलं नव्हतं.

उन्हं कलली. नानांच्या पोटात कळ यायला लागली होती, ती त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटं रोवून धरून ठेवली. ढीग अजून बराच होता. धाकटा बाहेर गाडीशी उभा होता, दर थोड्या वेळाने आत डोकावत होता. बारकीने बापाच्या कपाळावरचा घाम बघितला आणि भावाला हाक मारायला तोंड उघडलं.

नानांनी तिचा हात दाबला.

"नको," ते म्हणाले. "कामात आहे तो."